कानांची दप्तरे

वऱ्हाडात कापसाच्या जिनात उमर काढलेल्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागते, हे अकोल्याच्या जुन्या शहरात कुणाला सांगावे लागत नाही. त्याच्या कानात नेमके काय बिघडले, हे मात्र तो जिवंत असेतो डोळ्यांनी पाहता येत नाही. अंतर्कर्ण शंखास्थीच्या दगडासारख्या कठीण भागात दडलेला असतो. तपासणीसाठी तुकडा काढू जावे, तर उरलेसुरले ऐकणेही जाते. म्हणूनच बहिरेपणाचे पुष्कळसे ज्ञान मृतांच्या कानांनी दिलेले आहे. ते ज्या संग्रहांत साठले त्यांचा इतिहास आम्हांला ग्रंथालयांच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो.

लंडनच्या जोसेफ टॉयनबी (१८१५–१८६६) यांनी सुमारे दोन हजार कानांचे विच्छेदन केले आणि १८५७ साली आपल्या नमुन्यांची वर्णनात्मक सूची छापली. रिकीब नावाचे इवलेसे हाड जागीच जखडल्याने ऐकू येईनासे होते, हे त्यांनी अनेक कानांत पाहिले. (कर्णनादावर उपाय शोधताना स्वतःवरच क्लोरोफॉर्मचा प्रयोग करून ते वारले.) त्यांचे नमुने रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात गेले. मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात त्या संग्रहालयाचा मोठा भाग नष्ट झाला. सूची मात्र छापील, म्हणून आजही वाचता येते. बेथोवेनच्या बाबतीत तेवढेही उरले नाही. १८२७ साली शवविच्छेदनात काढून ठेवलेली त्याची शंखास्थी पुढे हरवली आणि त्याच्या बहिरेपणाचा वाद चालूच राहिला.

पुढे बरणीच्या जोडीला काचपट्टी आली. हाडातील चुना अम्लाने काढायचा, ते सेलॉइडिनमध्ये बसवायचे, २० मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे आणि साधारणतः दर दहावा काप रंगवायचा. एका कानाला वर्षाहून अधिक काळ लागतो. रंग विटतो, अल्कोहोल उडते, जाणते हात निवृत्त होतात. अंकीकरणाची निकड इथूनच येते.

पण नुसत्या प्रतिमेने काय साधते? बोस्टनच्या हॅरल्ड शुकनेख्ट यांनी अशाच पट्ट्यांवरून वार्धक्यातील बहिरेपणाचे प्रकार पाडले. त्यांत अंतर्कर्णाला ऊर्जा पुरविणाऱ्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पट्टीच्या ऱ्हासाला मोठे स्थान होते. तेथल्याच संग्रहातील १२० कान नव्याने तपासून २०२० साली संशोधकांनी निष्कर्ष काढला, की खरा दोष मुख्यतः केशपेशींच्या नाशाचा आहे. हे शक्य झाले, कारण कानासोबत त्या माणसाची श्रवणचाचणी जपलेली होती. ती नसती, तर तीच पट्टी म्हणजे एक देखणे गुलाबी चित्र!

आपल्याकडे १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस देह शिक्षणासाठी मिळू लागले, देहदानालाही आधार मिळाला. बेवारस देहाची श्रवणचाचणी कोठून मिळणार? देहदात्याची मात्र मिळू शकते: अर्ज भरताना ऐकण्याची तपासणी आणि आयुष्यभराचा धंदा, एवढे संमतीने टिपून ठेवले तरी पुरे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली आले. कोणत्याही महाविद्यालयाने बरण्यांची छायाचित्रे घेण्याआधी नोंदवह्यांची पाने टिपावीत, असे आम्ही म्हणू. फडताळातला कान जिनात झिजला की म्हातारपणाने, हे बरणी सांगत नाही, कागद सांगतो.