उलट्या होडीची वेदी

१९५८ सालचा उन्हाळा. पोलंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या मझुरी प्रदेशात पिठाची पोती भरलेला एक ट्रक ओल्श्तिनेक नावाच्या स्थानकाकडे निघाला होता. पोत्यांच्या सोबतीला सहलीच्या साध्या कपड्यांतला, अडतीस वर्षांचा एक गृहस्थ बसला होता. वीना नदीवर विद्यार्थ्यांबरोबर होडी वल्हवीत असताना त्याला राजधानी वॉर्साहून तातडीचे बोलावणे आले होते. आगगाडी रात्री उशिराची होती. स्थानकावर थोडा डोळा लागला तर बरे, म्हणून त्याने आपली स्लीपिंग बॅग बरोबर घेतली होती. वॉर्साला पोहोचल्यावर कार्डिनल स्तेफान विशिन्स्की यांनी त्याला सांगितले, की पोप बारावे पायस यांनी त्याला क्राकूफचे सहायक बिशप नेमले आहे.

नेमणूक स्वीकारून तो क्राकूफला आर्चबिशप बाझियाक यांच्या भेटीस गेला आणि आपणास पुन्हा मझुरीला जाता येईल का, असे त्याने विचारले. आता ते शोभणार नाही, असे उत्तर आले. तेव्हा जवळच्या फ्रान्सिस्कन मंदिरात जाऊन त्याने क्रूसाच्या वाटेची भक्ती केली आणि परत येऊन तोच प्रश्न पुन्हा घातला. या खेपेस आर्चबिशपांनी परवानगी दिली. मात्र दीक्षाविधीच्या आत परत या, एवढे बजावले. ही हकिगत त्यांनी स्वतःच वृद्धपणी लिहिलेल्या आठवणींत दिली आहे. त्यांची ओळख वाचकांना एव्हाना पटली असेल. ते फादर कारोल वोयतिला, पुढील काळातील पोप जॉन पॉल दुसरे.

बिशपपदाची नेमणूक हाती असताना होडीची एवढी ओढ का असावी? पोहण्याची, डोंगर चढण्याची, बर्फावर घसरण्याची त्यांना हौस होती, हे खरेच. वादोवित्से या त्यांच्या जन्मगावाच्या पाठीशीच बेस्किड पर्वताच्या रांगा आहेत. आई १९२९ मध्ये गेली, थोरला भाऊ १९३२ मध्ये गेला आणि मागे उरलेला बाप आपल्या लेकाला घेऊन त्या डोंगरांत हिंडे. परंतु नुसत्या हौसेने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी त्या काळचा पोलंड पाहिला पाहिजे.

युद्ध संपले आणि सत्ता कम्युनिस्टांच्या हाती गेली. तरुण पिढी आपल्या मुठीत असली तर देश आपला, हे नव्या राज्यकर्त्यांनी पुरते ओळखले होते. १९४८ मध्ये सरकारी युवक संघ स्थापन झाला. १९४९ च्या नव्या नियमांनी कॅथोलिक युवक संघटनांना टाळे लागले. १९५० मध्ये स्काउट चळवळीचे स्वतंत्र अस्तित्व संपवून तिला सरकारी युवक संघाच्या दावणीला बांधण्यात आले. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक बायका आणि मुले. त्या वसाहतीत स्काउटांची पथके होती आणि ती मुले आपला गणवेश घालून मोकळेपणी वावरत. जे आपल्या मातीवर त्यांना करता येत होते, त्यावर त्यांच्या स्वतःच्या मायदेशात दोनच वर्षांनी बंदी यावी, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणायचा.

अशा दिवसांत, १९४९ च्या मार्च महिन्यात, फादर वोयतिला निगोविच या खेड्यातून क्राकूफच्या संत फ्लोरियन धर्मग्रामात आले. विद्यापीठ आणि तंत्रशाळा जवळच असल्याने विद्यार्थ्यांचा राबता होता. आधी गायनवृंद जमला, मग रविवारची प्रवचने, मग तत्त्वज्ञानावरील चर्चा. या मुलामुलींत भौतिकशास्त्र शिकणारे होते, अभियांत्रिकीचे होते, भाषांचे होते. सगळी शहरात वाढलेली किंवा शहरात येऊन पडलेली. युद्धात बालपण होरपळलेले, खोल्या दाटीच्या, भिंतींना कान असण्याची भीती. धर्मगुरूने मंदिराच्या चार भिंतींबाहेर तरुणांचा गट चालवणे सरकारला मंजूर नव्हते. पकडले गेल्यास विद्यार्थ्याची शिक्षणाची जागा किंवा पुढची नोकरी पणाला लागू शकत होती.

१९५२ च्या वसंत ऋतूत झाकोपाने या पर्वतातल्या गावी जाण्याचा बेत ठरला. तेथील कुरणांवर बर्फ वितळताना जांभळ्या केशरफुलांचे गालिचे पसरतात. ते पाहायचे होते. आयत्या वेळी मुलांची परीक्षा निघाली आणि मुली तेवढ्या आल्या. आगगाडीच्या डब्यात साध्या कपड्यांतला धर्मगुरू, भोवती विद्यार्थिनी! ‘फादर’ म्हणावे तर शेजारचे प्रवासी कान टवकारणार. मग हाक कशी मारायची? मला ‘वूयेक’ म्हणा, असे त्यांनी सुचवले. वूयेक म्हणजे आपल्याकडचा मामा किंवा काका. पोलिसांना चुकवण्यासाठी घेतलेले ते नाव पुढे जन्मभर टिकले. ते बिशप झाले, कार्डिनल झाले, पोप झाले, तरी त्या मंडळींचे ते वूयेकच राहिले.

१९५३ मध्ये पहिल्यांदा ब्रदा नदीवर होड्या उतरल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कार्डिनल विशिन्स्की यांना अटक झाली आणि पुढे तीन वर्षे त्यांना नजरकैदेत काढावी लागली. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे या सहलींकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहता येत नाही.

सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे भाड्याची बस, ध्वनिक्षेपक आणि जेवणाचे डबे उभे राहतात. या सहलींची तऱ्हा निराळी होती. दोघांनी बसून वल्हवायची निमुळती होडी, जिला कायाक म्हणतात, तिच्यात तंबू, भांडी आणि शिधा भरून दहा-पंधरा दिवस नदीच्या प्रवाहाबरोबर जायचे. कोठे थांबायचे, शिधा किती घ्यायचा, कोणत्या वळणाला पाणी उथळ आहे, हे सारे मुलांनीच ठरवायचे. वूयेक पुढारी म्हणून पुढे चालत नसत. मिळेल ते काम तेही करीत. सकाळी नदीकाठी मिस्सा होई. एक होडी पालथी घातली की वेदी झाली आणि दोन वल्ही आडवी-उभी बांधली की क्रूस झाला. ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे. त्या काळी उघड्या आभाळाखाली मिस्सा करणे आणि धर्मगुरूने झग्याविना वावरणे किती अनोखे वाटले असेल, हे आपल्या घरातील वडीलधारी मंडळी सांगू शकतील.

मग दिवसभर वल्हवायचे. वूयेकच्या होडीतला जोडीदार बदलत राही. ज्याला मन मोकळे करायचे असेल, तो त्या दिवशी त्यांच्या होडीत बसे. पाण्याच्या मधोमध चाललेल्या होडीत तिसरा माणूस ऐकायला नसतो. ज्या देशात प्रत्येक दाराआड कोणी उभे असेल अशी धास्ती, तेथे नदी हीच सर्वांत सुरक्षित खोली ठरली. प्रेम, लग्न, श्रद्धेविषयीच्या शंका, उद्याची काळजी, असे सारे त्या खोलीत बोलले गेले. रात्री शेकोटीभोवती गाणी आणि ठरलेल्या विषयावर चर्चा होई. ‘प्रेम आणि जबाबदारी’ हा त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ या संभाषणांत आहे. शिकवायला गेलेला माणूस शिकून आला, असे या ग्रंथाकडे पाहिले तर म्हणता येते.

होडीचा नाद वूयेकना लावला तो येझी चेशेल्स्की या तरुण अभियंत्याने. लहानपणी स्काउट, तरुणपणी खेळाडू, पुढे क्राकूफच्या तंत्रशाळेत अध्यापक. पाण्यावर कसे वागावे, दमलेल्याला कसे सांभाळावे, वारा फिरला तर काय करावे, हे इतरांना त्याने शिकवले. म्हणजे गटाचा धर्मगुरू एक आणि नदीवरचा गुरू दुसरा; आणि पहिला दुसऱ्याचे मुकाट्याने ऐके! या गटातील तरुण-तरुणींची लग्ने झाली, मुले झाली, तेव्हा ती मुलेही होड्यांतून आली. गटाला पुढे ‘श्रोदोविस्को’ हे नाव पडले. या पोलिश शब्दाचा अर्थ भोवताल, परिसर असा आहे. पर्यावरणासाठीही पोलिश भाषेत हाच शब्द वापरतात, हा योगायोग मला फार आवडतो. पण तो योगायोगच आहे, त्यातून अधिक अर्थ काढू नये. ९ ऑक्टोबर १९७० रोजी चेशेल्स्की सुदानात अध्यापन करीत असता नाईल नदीत नौका बुडून दोन मुलांसह मरण पावला. पाण्यावर प्रेम करणाऱ्याला पाण्यानेच नेले. २०१३ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला ‘पूजनीय’ घोषित केले आहे.

या काळात असे काम करणारे वोयतिला एकटेच नव्हते. सायलेशियाच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातले फादर फ्रान्चिशेक ब्लाखनित्स्की यांनी १९५४ मध्ये वेदीसेवक मुलांसाठी पहिली ‘ओॲसिस’ भरवली. तरुणपणी त्यांनी आउश्वित्सची छळछावणी भोगलेली होती. वाळवंटातील हिरवळ असा त्या शब्दाचा अर्थ. पंधरा दिवस शहरापासून दूर, पर्वतातील खेड्यात, शेतकऱ्यांच्या घरी राहून प्रार्थना, बायबल, काम आणि भटकंती. दक्षिणेकडील क्रोशचेन्को हे गाव या चळवळीचे केंद्र झाले. धुरकट शहरातली मुले तेथे प्रथमच आकाशभर तारे पाहत असतील. त्यांना थारा देणाऱ्या शेतकऱ्यांना दंड ठोठावले गेले, तरी चळवळ वाढली आणि हजारो तरुण त्यात आले. कार्डिनल वोयतिला यांनी तिला आपला आधार दिला. ब्लाखनित्स्की १९८७ मध्ये जर्मनीत अचानक वारले. त्यांना विष देण्यात आले होते, हे पोलंडमधील तपासयंत्रणेने २०२३ मध्ये जाहीर केले.

आता एक शंका प्रामाणिकपणे घ्यायला हवी. या सहलींत पर्यावरणाचे रक्षण हा हेतू होता का? नव्हता. १९५३ मध्ये असे कोणी बोलत नव्हते. पण ज्या शहरातून ही मुले नदीकडे जात, त्या शहराचे काय होत होते ते पाहावे. क्राकूफच्या वेशीवर १९४९ पासून नोव्हा हुता हे पोलादनगर उभे राहत होते, १९५४ मध्ये तेथील भट्टी पेटली. मंदिर नसलेले, देवाला जागा नसलेले नगर म्हणून ते योजले होते. तेथील लोकांनी क्रूसासाठी १९६० मध्ये मार खाल्ला आणि मंदिरासाठी १९७७ पर्यंत वाट पाहिली. या भट्ट्यांच्या आणि जवळच्या स्काविना येथील ॲल्युमिनियम कारखान्याच्या धुराने शतकानुशतके उभ्या असलेल्या इमारतींचा दगडसुद्धा झडू लागला. प्रदूषण हा शब्द उच्चारणे म्हणजे राज्याच्या प्रगतीला बोल लावणे होते. १९८० मध्ये, कामगारांच्या सॉलिडॅरिटी चळवळीने वाट मोकळी करताच, याच क्राकूफमध्ये पोलिश इकॉलॉजिकल क्लब स्थापन झाला आणि १९८१ च्या आरंभी स्काविनाचा तो कारखाना बंद करणे सरकारला भाग पडले. क्लब वूयेकच्या शिष्यांनी काढला, असे मी म्हणत नाही. पण निर्मळ नदीचे पाणी ओंजळीने प्यालेली एक पिढी तोवर क्राकूफमध्ये वयात आली होती, एवढे नमूद करतो.

वोयतिला मात्र बोलले, आणि रोममधून बोलले. १९७९ मधील आपल्या पहिल्याच विश्वपत्रात त्यांनी पृथ्वीच्या बेबंद शोषणाबद्दल इशारा दिला. त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी त्यांनी असिसीकर संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाचा संदेश त्यांनी सर्वस्वी या विषयाला वाहिला. त्यात ओझोनचा थर, जंगलतोड आणि गरिबी यांविषयी लिहिता लिहिता ते अचानक वेगळ्याच सुरात सांगतात, की निसर्गाच्या नुसत्या सान्निध्यात माणसाला पुन्हा उभे करण्याची खोल शक्ती आहे. आणि या बाबतीतली पहिली शाळा म्हणजे कुटुंब. हा सूर कोणत्या नदीवरून आला, ते आता वेगळे सांगायला नको. २००१ मध्ये त्यांनी पर्यावरणाच्या बाबतीत माणसाने मनःपरिवर्तन करावे असे आवाहन केले. तोच धागा पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ मध्ये पुढे नेला.

वूयेकच्या होडीचा शेवटचा प्रवास १९७८ च्या उन्हाळ्यात झाला. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे कार्डिनल होते. १६ ऑक्टोबरला त्यांची पोप म्हणून निवड झाली आणि नद्या दुरावल्या.

१९५४ च्या सहलीत ही मंडळी चार्ना हान्चा नदीवर होती. ती नदी विग्री सरोवरातून वाहते. १९९९ च्या जूनमध्ये पोलंडच्या भेटीवर आलेले पोप विग्रीच्या काठी विश्रांतीसाठी थांबले. वय एकोणऐंशी, हात कापत, पाठ वाकलेली. ९ जूनला त्यांना सरोवरावर नेण्यात आले, या वेळी यंत्रावर चालणाऱ्या नौकेतून. मग त्याच परिसरात, कोणाला कल्पना न देता, लेश्चेवो या खेड्यातील एका शेतकऱ्याच्या घरी ते गेले. घरच्यांशी बोलले, गुरेढोरे, शेती, मुलेबाळे यांची चौकशी केली आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करून निघाले.