लखनौची प्रयोगशाळा, मुंबईचा कारखाना
औषध-संशोधनातील भागीदारीचा चार दशकांचा हिशेब

लखनौ : गोमतीच्या काठावरील छत्तर मंझिल हा अवधच्या नवाबांचा राजवाडा. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी याच वास्तूत केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन केले. राजवाड्याच्या दालनांत प्रयोगशाळा थाटण्याची ती कल्पना तात्पुरती होती. प्रत्यक्षात संस्था तेथे सहा दशके राहिली आणि त्यानंतर जानकीपुरम विस्तार भागातील नव्या संकुलात गेली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) चार प्रयोगशाळा आज या एका शहरात आहेत. औषध संशोधन, वनस्पतिशास्त्र, विषविज्ञान आणि औषधी व सुगंधी वनस्पती अशी त्यांच्या कामाची वाटणी आहे. देशातील फार थोड्या शहरांना असा योग लाभला आहे.

मात्र लखनौला प्रयोगशाळा मिळाल्या, तरी औषधनिर्मितीचा उद्योग मोठ्या प्रमाणावर मिळाला नाही. तो मुंबई, गुजरात आणि हैदराबादकडे वाढला. त्यामुळे येथे शोधलेले रेणू रुग्णापर्यंत पोहोचवायचे, तर कोणत्या ना कोणत्या कंपनीशी करार करणे अटळ होते. शोध सरकारी पैशाने लागायचा, कारखाना खासगी असायचा आणि त्या दोहोंमधील अंतर कागदपत्रांनी, चाचण्यांनी आणि परस्परविश्वासाने भरून काढावे लागायचे. भारतीय जैवतंत्रज्ञान क्षेत्रातील व्यवस्थापनाचे बरेचसे धडे याच अंतरात शिकले गेले. ते सारेच यशाचे नाहीत.

या नात्याचे एक मूळ मुंबईतच सापडते. संस्थेचे सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ डॉ. नित्या आनंद यांनी पहिली पीएच.डी. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे माटुंग्याच्या ‘यूडीसीटी’तून, १९४८ मध्ये मिळवली. पुढे केंब्रिजमध्ये संशोधन करून ते १९५१ मध्ये लखनौला रुजू झाले आणि १९७४ ते १९८४ या काळात संस्थेचे संचालक होते. २०२४ च्या जानेवारीत लखनौमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चमूने साठच्या दशकात तयार केलेला सेंटक्रोमन हा रेणू ‘सहेली’ या नावाने देशभर ओळखला जातो. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांत संप्रेरके असतात; यात ती नाहीत. गोळी रोज घ्यावी लागत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा घेतली की पुरते. रेणू तयार झाला तेव्हा जगात असे दुसरे औषध बाजारात नव्हते. तरीही तो दुकानात यायला १९९१ साल उजाडले. उत्पादनाची जबाबदारी तिरुअनंतपुरमच्या हिंदुस्थान लॅटेक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने घेतली. सरकारी आरोग्य केंद्रांतून ‘छाया’ या नावाने ही गोळी मोफत मिळू लागली ती २०१६ पासून, टप्प्याटप्प्याने. शोध, परवाना आणि बाजार या तिन्ही पायऱ्या ओलांडूनही ज्या ग्रामीण स्त्रीसाठी ती सर्वाधिक सोयीची होती, तिच्या हाती ती विनामूल्य पडायला आणखी पंचवीस वर्षे लागली. येथे विज्ञान कोठेच अडले नव्हते. अडली होती ती खरेदीची, धोरणाची आणि वितरणाची साखळी.

गुग्गुळाची कथा याच्या उलट आहे. आयुर्वेदात मेदरोगावर वापरल्या जाणाऱ्या या डिंकापासून लखनौच्या शास्त्रज्ञांनी रक्तातील चरबी कमी करणारा अर्क तयार केला आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो मुंबईच्या सिप्ला कंपनीमार्फत बाजारात आला. भारतातील चाचण्यांचे निष्कर्ष आशादायक होते. २००३ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र कोलेस्टेरॉल कमी झाल्याचे दिसले नाही. उलट घातक मानला जाणारा घटक किंचित वाढलेला आढळला. परवाना वेळेत मिळाला, कंपनी मातब्बर होती, तरी पुराव्याचा पाया पुढच्या कसोटीला पुरला नाही. भागीदारी चांगली असली म्हणून औषध चांगले ठरत नाही, हे उद्योगातील मंडळी सहसा उघडपणे बोलत नाहीत.

या सर्वांत अधिक बारकाईने पाहावे असे प्रकरण आर्टिईथर या मलेरियावरील औषधाचे आहे. त्यात दोन सरकारी प्रयोगशाळा, मुंबईच्या कंपन्या, उत्तर प्रदेशातील शेतकरी आणि जागतिक बाजारपेठ असे सगळेच घटक एकत्र आले.

मलेरियाच्या फॅल्सिपेरम जातीच्या परजीवीने क्लोरोक्विनला दाद न देण्याची भारतातील पहिली नोंद १९७३ मध्ये आसामात झाली. हा परजीवी मेंदूपर्यंत पोहोचला, तर रुग्ण काही तासांत बेशुद्ध होतो आणि दगावू शकतो. याच सुमारास चीनमध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या पार्श्वभूमीवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या गुप्त प्रकल्पात तू यूयू यांनी ‘छिंगहाओ’ या पारंपरिक वनौषधीतून परिणामकारक अर्क वेगळा केला होता. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ॲनुआ. तिच्यातील आर्टेमिसिनिन या द्रव्यात ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो. परजीवीने रक्तद्रव्य पचवताना मोकळ्या होणाऱ्या लोहाशी गाठ पडताच तो पूल तुटतो आणि परजीवीच मारला जातो. या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (सिमॅप) ऐंशीच्या दशकात ही वनस्पती भारतात आणून तिची लागवड सुरू केली. ती थंड हवामानातली असल्याने प्रारंभी काश्मीरमधील शेतांचा उपयोग झाला. पुढे उत्तर प्रदेशाच्या मैदानात तग धरतील असे वाण निवडण्यात आले. दुसरी अडचण रसायनाची होती. आर्टेमिसिनिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि तेलातही पुरेसे विरघळत नाही. बेशुद्ध रुग्णाला गोळी गिळता येत नाही, इंजेक्शन देण्याजोगे द्रव्य हवे. त्यासाठी आर्टेमिसिनिनचे आधी क्षपण करून नंतर त्याचा इथिल ईथर बनवला गेला. तोच आर्टिईथर. त्याचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार एकत्रच तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने विदेशात विकसित झालेल्या औषधात फक्त बीटा प्रकार होता. लखनौने मात्र ३० टक्के अल्फा आणि ७० टक्के बीटा हे मिश्रणच औषध म्हणून सिद्ध केले. दोन प्रकार वेगळे करण्याची खर्चीक पायरी त्यामुळे टळली. वरवर पाहता ही प्रयोगशाळेतील तांत्रिक निवड वाटते. पण औषधाची किंमत कारखान्यात नव्हे, तर अशाच ठिकाणी ठरते.

देशातील रुग्णालयांत चाचण्या झाल्यानंतर तंत्रज्ञान मुंबईच्या थेमिस केमिकल्सकडे सोपवण्यात आले आणि १९९७ मध्ये ‘ई-माल’ या नावाने इंजेक्शन बाजारात आले. प्रौढ रुग्णाला दररोज १५० मिलिग्रॅम, असे तीन दिवस स्नायूत टोचायचे, इतकी सुटसुटीत उपचारपद्धती होती. तोपर्यंत गंभीर मलेरियात क्विनाइन शिरेतून तासन्‌तास द्यावे लागे आणि त्यासाठी सलाइन व प्रशिक्षित परिचारिका हव्यात. जिथे दोन्हींची वानवा आहे अशा तालुक्याच्या दवाखान्यात दिवसाला एक टोचणे ही मोठीच सोय होती.

हा काळ सीएसआयआरमध्येही बदलाचा होता. गोव्यातील माशेलचे सुपुत्र आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर १९९५ मध्ये परिषदेचे महासंचालक झाले. शोधनिबंधाइतकेच महत्त्व पेटंटला, परवान्याच्या उत्पन्नाला आणि उद्योगाच्या मागणीला देण्याचा आग्रह त्यांनी धरला. त्या वेळी भारतात १९७० चा पेटंट कायदा लागू होता. औषधाच्या रेणूवर नव्हे, केवळ तो बनवण्याच्या पद्धतीवर हक्क मिळे. साहजिकच प्रयोगशाळा कंपनीला विकत असे ती प्रामुख्याने कृती, विषारीपणाच्या तपासण्यांची कागदपत्रे आणि चाचण्यांचे निष्कर्ष. एकदा पद्धत समजली की दुसरी कंपनी थोड्या वेगळ्या वाटेने तेच औषध बनवू शके. आर्टिईथरच्या बाबतीतही पुढे अनेक कंपन्यांची इंजेक्शने बाजारात आली. रुग्णाला त्याचा लाभ झाला. मूळ शोधकर्त्या संस्थेला मिळणाऱ्या स्वामित्वधनाला मात्र त्याने मर्यादा आली. उत्पादनावर पेटंट देणारा बदल २००५ मध्ये झाला, तेव्हा आर्टिईथर बाजारात येऊन आठ वर्षे झाली होती.

यानंतरचा अध्याय शेतातला आहे. सुधारित वाणांच्या सुकवलेल्या पानांत आर्टेमिसिनिनचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे एक किलो द्रव्यासाठी किमान एक क्विंटल वाळलेला पाला लागतो. सिमॅपने ‘जीवनरक्षा’ आणि ‘सिम-आरोग्य’ हे वाण विकसित केले आणि मुंबईच्या इप्का लॅबोरेटरीजबरोबर करार करून उत्तर प्रदेशासह इतर राज्यांतील शेतकऱ्यांना या पिकाशी जोडले. बियाणे व मार्गदर्शन संस्थेचे, जमीन व श्रम शेतकऱ्याचे आणि खरेदीची हमी कंपनीची, अशी ही तिपेडी रचना होती. सार्वजनिक-खासगी भागीदारी हा शब्द परिषदांच्या व्यासपीठांवर स्वस्त झाला आहे. येथे त्याचा अर्थ ट्रॉलीतून उतरलेला पाला कोण तोलून घेणार आणि किती दिवसांत पैसे देणार, इतका रोखठोक होता.

नेमक्या याच काळात जागतिक बाजाराने सर्वांना हेलकावे दिले. जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनिन-आधारित संयुक्त उपचाराची शिफारस केल्यानंतर मागणी एकदम वाढली आणि २००५ मध्ये द्रव्याचा भाव किलोला हजार डॉलरच्या वर गेला. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेत शेतकरी या पिकाकडे धावले. पेरणीपासून तयार गोळीपर्यंत वर्षभराहून अधिक काळ लागत असल्याने सगळा माल एकाच वेळी बाजारात आला. २००७ पर्यंत भाव दोनशे डॉलरच्या आसपास कोसळला. कांद्याच्या भावाने पोळलेल्या लासलगावच्या शेतकऱ्याला हे चक्र समजावून सांगावे लागणार नाही. फरक एवढाच की कांद्याला निदान शंभर गिऱ्हाइके असतात.

वैद्यकातही पुढचे पाऊल पडत होते. आग्नेय आशियात २००५ मध्ये आणि आफ्रिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी शिरेतून दिले जाणारे आर्टेसुनेट क्विनाइनपेक्षा अधिक जीव वाचवते, हे निर्विवाद दाखवले. तेलात विरघळवलेले औषध स्नायूतून सावकाश आणि कमी-अधिक प्रमाणात शोषले जाते. अत्यवस्थ रुग्णात ही अनिश्चितता परवडणारी नसते. भारताच्या उपचार-मार्गदर्शिकेत आर्टिईथर प्रौढांसाठी एक पर्याय म्हणून राहिले, बालकांसाठी नाही. एकेकट्या आर्टेमिसिनिन औषधाच्या वापराने प्रतिकारशक्ती असलेले परजीवी वाढू नयेत म्हणून २००९ मध्ये भारताने तोंडाने घ्यावयाच्या अशा गोळ्यांवर बंदी घातली. इंजेक्शने त्यातून वगळली गेली.

तिसरे आव्हान निव्वळ जैवतंत्रज्ञानाचे होते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी यीस्टमध्ये वनस्पतीची जनुके घालून आर्टेमिसिनिनचे पूर्वद्रव्य टाकीत तयार केले आणि २०१३ मध्ये सनोफी या फ्रेंच कंपनीने इटलीत त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. शेतीचे पीक आता संपले, अशी भाकिते झाली. घडले वेगळेच. यीस्टपासून बनवलेले द्रव्य किलोला साडेतीनशे डॉलरच्या घरात पडू लागले, तर शेतातला माल अडीचशेच्या आत मिळत होता. २०१६ मध्ये सनोफीने तो कारखाना विकून टाकला. तंत्रज्ञान पूर्ण यशस्वी होते. तोट्याचा होता तो हिशेब.

उत्तर प्रदेशातील शेतकऱ्यापुढचा पेच यापेक्षा साधा आहे. हिवाळ्याच्या शेवटी रिकाम्या होणाऱ्या शेतात आर्टेमिसिया लावता येतो, तसा पुदिनाही. पुदिन्याचे सुधारित वाणही सिमॅपचेच; बाराबंकीपासून संभलपर्यंत त्याची शेते पसरली आहेत. पुदिन्याचे तेल गावातल्याच टाकीवर काढता येते, डब्यात भरून घरी ठेवता येते आणि भाव आला की कोणत्याही व्यापाऱ्याला विकता येते. मुंबईच्या वस्तू वायदे बाजारात त्या तेलाचे सौदे होतात आणि शेतकऱ्याला भाव फोनवर कळतो. आर्टेमिसियाच्या पाल्यातून द्रव्य काढणे गावच्या टाकीचे काम नाही. तो पाला करार केलेल्या कंपनीनेच घ्यायचा असतो आणि तिने घेतला नाही, तर तो जाळण्याखेरीज दुसरा उपयोग नाही. एकाच संस्थेने दिलेल्या या दोन पिकांपैकी पुदिना लाखो हेक्टरांवर गेला. आर्टेमिसिया कंपनीच्या मागणीपुरता, करारानुसार लावला जातो.