एका शिफारसपत्राचें भाग्य

गेल्या वर्षीं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र आलें. दोन वर्षें ती माझ्या इतिहासाच्या वर्गांत बसत असे. पुढें आईवडिलांबरोबर अमेरिकेंत गेली, तेथेंच पदवी घेतली, आणि आतां तिला तिकडच्या वैद्यकीय कॉलेजांत प्रवेश हवा होता. अर्जासोबत प्राध्यापकांचीं शिफारसपत्रें लागतात, त्यांपैकीं एक सरांनीं द्यावें, अशी तिची विनंती होती. आपल्याकडे वैद्यकीचा प्रवेश एका परीक्षेच्या गुणांवर ठरतो, त्यामुळें असलें पत्र लिहिण्याची पाळी माझ्यावर कधीं आली नव्हती. मात्र इतर कारणांसाठीं मीं शेंकडों शिफारसपत्रें लिहिलीं आहेत, आणि खरें सांगावयाचें तर त्यांतील बहुतेक एकाच सांच्यांतून काढलेलीं आहेत. 'उद्योगी', 'सुशील', 'होतकरू' हीं तीन विशेषणें मीं इतक्यांना वाटलीं आहेत कीं, तीं सारीं पत्रें एकत्र ठेवलीं तर कोणतें कोणाचें हें मलाच ओळखतां येणार नाहीं.

लिहावयास बसलों आणि लेखणी अडली. अडलेल्या लेखणीला इतिहासाचा प्राध्यापक नेहमींचा उपाय करतो. तो कपाटांतलें एखादें जुनें पुस्तक काढतो. त्या दिवशीं हातीं आलें तें एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईंचें आत्मवृत्त.

शिफारस हा शब्द आपल्याकडे फारशींतून आला, आणि त्याचें दरबारी वळण अद्याप सुटलेलें नाहीं. थोराची मर्जी धाकट्याच्या पदरीं पडावी, एवढाच अर्थ आपण त्यांत पाहतों. अमेरिकेंत मात्र गेल्याच्या मागच्या शतकांत त्याला अधिक रोखठोक अर्थ होता. त्या काळीं तिकडे वैद्य होऊं पाहणारा तरुण आधीं एखाद्या धंदा करणाऱ्या डॉक्टराच्या हाताखालीं सुमारें तीन वर्षें उमेदवारी करी. गुरूचीं औषधें कुटावीं, त्याच्या बाटल्या धुवाव्या, त्याच्याबरोबर रोग्यांच्या घरीं जावें, आणि सवड मिळेल तेव्हां त्याचीं पुस्तकें वाचावीं, असा तो अभ्यासक्रम असे. त्यानंतर कॉलेजांत दोन हिवाळी सत्रें व्याख्यानें ऐकावयाचीं. दुसऱ्या सत्रांत बहुधा पहिल्याचींच व्याख्यानें पुन्हां होत. कॉलेजाला उमेदवाराकडून दोनच गोष्टी हव्या असत: फी, आणि गुरूचा दाखला. प्राध्यापकांचें उत्पन्न विद्यार्थ्यांनीं विकत घेतलेल्या तिकिटांवर अवलंबून असल्यामुळें पहिल्या गोष्टीकडे त्यांचें लक्ष अधिक असे, हें सांगणें नकोच. तरीहि दाखल्याला मोल होतें. 'या मुलाला मीं तीन वर्षें जवळून पाहिलें आहे. याच्या हातून रोगी दगावणार नाहीं,' अशी ती एका जाणत्या माणसाची जामिनकी होती.

हा उंबरठा पुरुषाला जितका सखल तितकाच स्त्रीला उंच होता. ब्लॅकवेलबाई 1821 सालीं इंग्लंडांत ब्रिस्टल येथें जन्मल्या आणि 1832 सालीं कुटुंबाबरोबर अमेरिकेंत आल्या. 1838 सालीं वडील वारले व घरावर ओढगस्तीचे दिवस आले. मुलींना शिकवून त्यांनीं पैसा सांठवला, आणि ज्या घरीं नोकरीनिमित्त राहिल्या तेथील वैद्यकीचे ग्रंथ वाचून काढले. 1847 सालीं त्या फिलाडेल्फियास आल्या. तेथील मोठ्या कॉलेजांनीं नकार दिला. न्यूयॉर्कच्यांनीं तेंच केलें. कांहीं हितचिंतकांनीं सल्ला दिला कीं, पुरुषवेष घेऊन पॅरिसला जा आणि शिका. त्यांना तो मानवला नाहीं, कारण त्यांना केवळ विद्या नको होती. स्त्री म्हणून उघडपणें ती मिळवावयाची होती. मग त्यांनीं लहानसहान गांवांतील कॉलेजांकडे अर्ज धाडले. न्यूयॉर्क संस्थानाच्या पश्चिम भागांतील जिनीव्हा येथील कॉलेज हें त्यांपैकीं एक. त्यांच्या बाजूनें तेथें पत्र गेलें तें फिलाडेल्फियाचे क्वेकर पंथीय डॉक्टर जोसेफ वॉरिंग्टन यांचें.

पुढें काय झालें त्याची हकीकत त्या वेळीं तेथें शिकणाऱ्या स्टीफन स्मिथ नांवाच्या विद्यार्थ्यानें पुष्कळ वर्षांनीं सांगितली आहे. हेच स्मिथ पुढें सार्वजनिक आरोग्याच्या चळवळींत मोठे पुढारी झाले, आणि 1872 सालीं निघालेल्या अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनचे संस्थापक म्हणून त्यांचें नांव राहिलें. त्यांच्या सांगण्याप्रमाणें, पत्र पाहून अध्यापकमंडळ पेंचांत पडलें. बाईला घ्यावयाचें तर मनांत नव्हतें; पण पत्र लिहिणाऱ्या प्रतिष्ठित डॉक्टराला दुखवावयाचें कसें? तेव्हां डीन चार्ल्स ली यांनीं तें विद्यार्थ्यांपुढें वाचून दाखविलें आणि सांगितलें कीं, निर्णय तुमच्यावर सोंपविला आहे. एकानेंहि विरोध केला तरी नकार कळवूं. सुमारें दीडशें दांडगीं पोरें! एक तरी 'नाहीं' म्हणेलच, असा हिशेब होता. हिशेब अगदींच चुकला. पोरांना ती सारी थट्टा वाटली. संध्याकाळीं सभा भरली, मोठमोठीं भाषणें झालीं, आणि एका कोपऱ्यांतून एकच बारीक 'नाहीं' उमटतांच सगळे त्याच्यावर तुटून पडले व 'होय' म्हणवूनच त्याला सोडलें.

आपल्या अंगावरचें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून हात झटकावयाचे, ही अध्यापकमंडळांची रीत आम्हां मास्तरलोकांच्या चांगलीच परिचयाची आहे. क्वचित् अशा भित्रेपणांतूनहि इष्ट घडतें, एवढेंच.

विद्यार्थ्यांनीं जो ठराव लिहून धाडला तो मात्र थट्टेचा दिसत नाहीं. शास्त्रीय शिक्षणाचें दार सर्वांस उघडें असावें, या बाईंच्या अर्जास आमची पूर्ण संमति आहे, आणि आमच्या वर्तनानें त्यांस येथें आल्याचा पश्चात्ताप होऊं देणार नाहीं, असा त्याचा आशय होता. ऑक्टोबर 1847 मध्यें तो पत्रासह बाईंच्या हातीं पडला. नोव्हेंबरांत त्या वर्गांत येऊन बसल्या, आणि स्मिथ म्हणतात कीं, ज्या वर्गाच्या गोंगाटापुढें प्राध्यापकांचा आवाज ऐकूं येत नसे तो त्या क्षणापासून शांत झाला. गांवांतल्या बायका मात्र त्यांच्याकडे टक लावून पाहत. शारीराच्या अध्यापकांनीं एका नाजूक विषयाच्या व्याख्यानांस त्यांनीं न यावें असें सुचविलें, तेव्हां त्यांनीं असें उत्तर लिहिलें कीं, तें वर्गांत वाचल्यावर मुलांनीं टाळ्या वाजविल्या. 23 जानेवारी 1849 रोजीं त्यांना पदवी मिळाली. अमेरिकेंत ती मिळविणारी ही पहिली स्त्री.

वॉरिंग्टन यांच्या पत्राचें पुढें काय झालें याची त्यांनीं फारशी वास्तपुस्त केलेली दिसत नाहीं. पण विद्यार्थ्यांचा तो ठराव त्यांनीं चर्मपत्रावर उतरवून घेतला आणि आयुष्यभर जपला. मला यांत मोठा अर्थ वाटतो. शिफारस करणारा डॉक्टर दूर होता; 'हिला आम्ही सांभाळूं' असा शब्द देणारे त्याच बांकांवर बसणारे होते. कॉलेजाची भीड मात्र एकदांच चेपली होती. धाकटी बहीण एमिली हिनें पुढें अर्ज केला तेव्हां याच जिनीव्हानें तिला नाकारलें. तिला एक वर्ष शिकागोस मिळालें, तेथूनहि जावें लागलें, आणि शेवटीं 1854 सालीं क्लीव्हलंड येथें ती पदवीधर झाली.

ब्लॅकवेलबाईंना पदवी मिळाल्याच्या पुढच्याच वर्षीं, 1850 सालीं, त्याच फिलाडेल्फियांत क्वेकरांच्या पुढाकारानें खास स्त्रियांसाठीं वैद्यकीय कॉलेज निघालें. याच कॉलेजाच्या दारीं 1883 सालीं आपल्या कल्याणची एक अठरा वर्षांची मुलगी उभी राहिली. आनंदीबाई जोशी यांची कथा काशीबाई कानिटकरांनीं 1889 सालींच मराठींत लिहून ठेविली असल्यानें ती येथें समग्र सांगत नाहीं. त्यांतला शिफारसीचा धागा तेवढा पाहूं.

1878 सालीं गोपाळराव जोशी कोल्हापुरास पोस्टांत होते. पत्नीला अमेरिकेंत शिकवावें म्हणून त्यांनीं तेथील मिशनऱ्यांमार्फत पत्र लिहिलें. तें रॉयल वाइल्डर या पाद्र्यांकडे गेलें. वाइल्डर यांनीं स्वतः कोल्हापुरांत कित्येक वर्षें काढलीं होतीं; तेव्हां ओळखीचा माणूस, ओळखीचा गांव, शिफारस व्हावयास याहून बरा योग कोणता? पण त्यांनीं मदतीला धर्मांतराची अट घातली, आणि मूळ पत्र व आपलें उत्तर दोन्ही आपल्या मासिकांत छापून टाकलीं. तो अंक न्यू जर्सींतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हातीं पडला, तोहि दांतांच्या डॉक्टराकडे वाट पाहत बसल्या असतां. नकाराची अट त्यांनीं वाचली आणि सोडून दिली. विनंती तेवढी मनांत ठेवली. 1880 सालीं त्यांनीं पत्र लिहिलें. पुढें तीन वर्षें पत्रव्यवहार झाला, बाईंची 'मावशी' झाली, आणि 7 एप्रिल 1883 रोजीं कलकत्त्याहून निघालेली आनंदीबाई 4 जूनला न्यूयॉर्कास उतरली ती या मावशीच्याच घरीं राहावयास.

निघण्यापूर्वीं, 24 फेब्रुवारीस, श्रीरामपूरच्या कॉलेजांत त्यांनीं इंग्रजींत भाषण केलें आणि हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें भरसभेंत सांगितलें. माझ्या मतें हें त्यांचें पहिलें शिफारसपत्र, आणि तें त्यांनीं स्वतःच स्वतःला दिलें. दुसरें जूनअखेर कॉलेजाच्या चिटणीसांस लिहिलें. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करूं शकत नाहीं हें त्यांनीं त्यांत लपविलें नाहीं. परंतु इष्टमित्र व जात यांच्या एकवटलेल्या विरोधाला तोंड देऊन ज्या निश्चयानें आपण येथवर आलों तोच आपणांस पुढें नेईल, आणि पुरुषवैद्याला दाखविण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठीं ही विद्या हवी आहे, असें कळविलें. त्यांत गुणांचे आंकडे नव्हते, विशेषणें नव्हतीं. डीन रेचेल बॉडली या रसायनशास्त्राच्या अध्यापिका, म्हणजे पुरावा तपासण्याची संवय असलेल्या बाई. त्यांनीं हा पुरावा पुरेसा मानला. 11 मार्च 1886 रोजीं आनंदीबाई डॉक्टर झाल्या. कोल्हापुरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूक ठरली होती, पण ती पाहण्यास त्या उरल्या नाहींत. 26 फेब्रुवारी 1887 रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

एक धागा आणखी. ब्लॅकवेलबाईंनीं 1859 सालीं लंडनमध्यें व्याख्यानें दिलीं. तीं ऐकून एलिझाबेथ गॅरेट वैद्यकीकडे वळली. मुंबईंत स्त्रियांसाठीं रुग्णालय काढण्याची खटपट सुरू झाली, त्या वेळीं तेथें बाईडॉक्टर कोण पाठवावी या प्रश्नाला याच गॅरेट अँडरसनबाईंनीं एडिथ पीची हें नांव सुचविलें. पीचीबाई एडिंबरोच्या त्या प्रसिद्ध सात जणींपैकीं. त्या 1883 सालीं मुंबईस आल्या. आणि दादाजी भिकाजींच्या खटल्यानें सर्व बाजूंनीं घेरलेल्या रखमाबाईंना वैद्यकी शिकण्यास पाठबळ दिलें तें या पीचीबाईंनींच. 1889 मध्यें रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत गेल्या. तेथें कधींकाळीं ब्लॅकवेलबाईंनीं स्वतः अध्यापन केलें होतें. 1894 सालीं त्या डॉक्टर झाल्या, आणि मायदेशीं परतून पुढील कित्येक वर्षें सुरतेस व राजकोटास त्यांनीं रुग्णसेवेंत घालविलीं. वॉरिंग्टन यांनीं जिनीव्हाला पत्र टांकलें तेव्हां तें सुरतेच्या बायकांपर्यंत पोंचेल, हें त्या भल्या क्वेकराच्या स्वप्नींहि आलें नसेल.

पुस्तक मिटलें आणि त्या मुलीला उत्तर लिहिलें: 'तुझे गुण मला माहीत आहेत, ते कॉलेजासहि कळतीलच. तुला वैद्यकी कशासाठीं हवी तें मला दोन पानें लिहून पाठव. मग माझें पत्र लिहीन.' पंधरा दिवसांनीं तिची सात पानें आलीं. तिच्या आजीच्या शेवटच्या आजारपणाचा मजकूर त्यांत होता, त्याचा मला पत्ताहि नव्हता. आणि त्या वर्षीं ती वर्गांत इतकी गप्प कां असे, हें मला इतक्या वर्षांनीं समजलें. माझें पत्र लिहावयास पुढें दोन दिवस लागले. तीन विशेषणांपैकीं त्यांत एकहि आलें नाहीं.