छप्पनचा दुष्काळ आणि गावचा तलाव

मंडळी, आज दोन आकड्यांपासून सुरुवात करू. 1891 च्या खानेसुमारीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 7,42,850 होती. दहा वर्षांनी, 1901 साली, ती 6,63,062 भरली. त्या काळचा भंडारा म्हणजे ढोबळमानाने आजचा भंडारा आणि 1999 साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, दोन्ही मिळून. दहा वर्षांत माणसे वाढायची, ती जवळजवळ ऐंशी हजारांनी घटली. सगळीच काही उपासाने गेली असे नव्हे. पटकी होती, हिवताप होता, आणि पोटासाठी परमुलखात गेलेलीही बरीच होती. पण त्या सगळ्याच्या मागे 1896-97 आणि 1899-1900 हे दोन दुष्काळ उभे होते. दुसरा दुष्काळ संवत् 1956 मध्ये पडला, म्हणून म्हातारीकोतारी त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत.

खानेसुमारी कोण उणे झाले ते सांगते. उरलेली साडेसहा लाख माणसे कशी तगली, हे ती सांगत नाही. आज आपल्याला त्याचाच थोडा शोध घ्यायचा आहे.

आपला जिल्हा धानाचा. धानाचे गणित साधे, पण कठोर. रोवणी झाली, पीक हिरवेगार डोलू लागले, तरी निसवण्याच्या वेळी बांधीत पाणी नसेल तर लोंबीत दाणा भरत नाही. 1896 साली नेमके हेच झाले. सुरुवातीला पाऊस बरा होता, आणि ऐन गरजेच्या वेळी त्याने पाठ फिरवली. अशा वर्षी एक शेवटचे पाणी मिळाले तरी घरात धान येते, आणि ते देण्यासाठीच आपल्याकडे तलाव आणि बोड्या बांधल्या गेल्या.

या तलावांची कथा फार जुनी आहे. चांद्याच्या गोंड राजांनी अशी रीत घातली होती की, जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन द्यावी. गोंड राजाने काशीकडून कोहळी लोकांना आणले, असे परंपरेने सांगतात. ते खरे असो वा नसो, वैनगंगेच्या खोऱ्यात तळे बांधावे कोहळ्यांनीच, ही त्यांची ख्याती मात्र खरी. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे जुने गॅझेटियर सांगते. लोकांनी पुढे त्यांना देवच करून टाकले, आणि भोवतालच्या सात डोंगरांनी त्यांना बांधकामात मदत केली अशी गोष्ट रचली. मला ही गोष्ट आवडते. एवढे काम एकट्या पाटलाने केले नसणार, हे लोकांना पक्के ठाऊक होते!

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना एकदा तलावाच्या पाळीवर न्यावे आणि त्याचे अवयव दाखवावेत. मातीची ती लांबलचक पाळ, जास्तीचे पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेला सलंग, पाणी सोडण्याचे तुडूम, आणि तेथून बांध्यांकडे जाणारी नहर. सलंग बुजला तर पाळ फुटते, आणि पाळ फुटली की एकाचे नव्हे, सगळ्या गावाचे धान जाते. म्हणून पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती टाकणे आणि नहर उपसणे ही कामे गावाने मिळून करायची. अशा साडेसहा हजारांवर मालगुजारी तलावांची मोजदाद पूर्व विदर्भात झालेली आहे.

आता कोणी म्हणेल, जुना काळ किती चांगला होता, सगळे एकमेकांसाठी राबत होते. तसे सरसकट म्हणू नये. मालगुजाराच्या हुकुमाने राबणे आणि आपखुशीने राबणे यांत फरक आहे. वेठबिगार होती, सावकारी होती. तलावाखालची उत्तम जमीन बहुधा मालगुजाराची किंवा मोठ्या कास्तकाराची असे, आणि पाळीवर टोपली वाहणाऱ्याच्या वाट्याला मजुरीच येई. तरीही तलावाचे एक वैशिष्ट्य होते. तो कोणा एकालाच उपयोगी पडू शकत नसे. ढिवरांना त्यात मासे आणि शिंगाडे मिळत, गुरांना पाणी मिळे, पाळीखालच्या विहिरींना झरे राहत. धान कापण्याआधी ओल्या बांधीत लाखोळी फेकून दिली की उतेऱ्याचे एक पीक फुकटात येई.

त्या लाखोळीबद्दल जाता जाता सांगतो. टंचाईत गरिबाला तीच परवडे, पण दुसरे काही न मिळता महिनोन्महिने तीच खाल्ली तर माणसाचे पाय लुळे पडतात. पोट भरले म्हणजे मदत झाली, असे नेहमीच नसते.

1899 साली पाऊस इतका अपुरा झाला की तलावांतही पुरेसे पाणी साठले नाही. मोहफुले, चार, तेंदू, रानातले कंद आणि तळ्यातले कमळाचे गड्डे, जे हाती लागेल त्यावर लोकांनी दिवस काढले. रेल्वेने बाहेरून धान्य आले हे खरे. चांगल्या वर्षांत त्याच रेल्वेने जिल्ह्यातला तांदूळ बाहेर नेला होता, हेही खरे.

सरकारच्या मदतीची गोष्ट मोठी बोलकी आहे. 1896-97 मध्ये मध्यप्रांतात सरकारी हात आखडता राहिला. मदत उशिरा आणि तोकडी मिळाली, असा ठपका 1898 च्या दुष्काळ आयोगानेच ठेवला. त्यातून शहाणपण आले, आणि तीन वर्षांनी दुष्काळ अधिक कडक असूनही मदत कितीतरी सढळ झाली. 1900 च्या पावसाळ्यात मध्यप्रांतात वीस लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर होती. रस्त्यांची, गिट्टी फोडण्याची, तलावांची कामे निघाली. तलाव बांधायला आणि दुरुस्त करायला मालगुजारांना कर्जे मिळाली, म्हणजे माणसाला आपल्याच गावाजवळ काम मिळू लागले. ज्यांच्याने काम होत नव्हते त्यांच्यासाठी गावोगाव अन्नछत्रे उघडली. लहान पोरे, म्हातारी माणसे तेथे शिजवलेले अन्न खात.

याशिवाय लोकांच्या देणग्यांतून उभा राहिलेला एक धर्मादाय फंड होता. त्याच्या नियमांत जे चार हेतू घातले होते, त्यांतला चौथा मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुष्काळात ज्याचे सर्वस्व गेले त्याला पुन्हा आपल्या पायावर उभे करावे, असा तो होता. प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय? बियाणे आणि बैल. बैल मेला असेल आणि बियाण्याचे धान पोटात गेले असेल, तर मृग बरसून तरी काय उपयोग? उपाशी माणसाला भाकरी देणारा आजचा दिवस काढून देतो. बियाण्याची पायली देणारा त्याला पुढच्या दिवाळीपर्यंतची आशा देतो. आशा हा शब्द आपण फार हवेत वापरतो. 1900 च्या ज्येष्ठात भंडाऱ्याच्या कास्तकारासाठी आशा म्हणजे पऱ्हे टाकण्यापुरते धान.

पुढे 1929 नंतरच्या मंदीत संकट वेगळ्या रूपाने आले. धान पिकले, पण भाव कोसळले, आणि कर्जाचा आकडा मात्र होता तेवढाच राहिला. त्या वेळी मध्यप्रांताने 1933 साली कर्ज तडजोडीचा कायदा केला. सावकार आणि कूळ यांना मंडळासमोर बसवून कर्ज कमी करायचे आणि हप्ते बांधायचे, अशी ती रीत होती. सगळ्यांचे समाधान झाले नाही, पण तडजोड झाली त्याची जमीन लिलावातून वाचली.

1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. जुलमाची एक व्यवस्था संपली, हे चांगलेच झाले. पण पाळीवर माती कोणी टाकायची, हा प्रश्न मागे उरला. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाळ साचत गेला, बेशरमाची झुडपे माजली, सलंग फुटके राहिले. सरकारचा तलाव म्हणजे आपला नव्हे, असे गावाला वाटू लागले. काही ठिकाणी रोजगार हमीच्या कामातून गाळ निघाला, हे सांगितले पाहिजे.

आणि अलीकडच्या वर्षांत या कामाला हात घातला आहे तो ज्यांच्या नावावर तलावाखाली बहुधा एक बांधीही नव्हती त्यांनी. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या काही गावांत ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी आणि त्यांच्यातल्या बायांनी तळ्यातली बेशरम उपटली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासळी परत आणली.