लाल भोपळ्याचे सूप : पौष्टिक कसे करावे?

इंग्रजीत ज्यांना ‘विंटर स्क्वॉश’ म्हणतात, ती फळे हिवाळ्यात पिकतात म्हणून नव्हे, तर जाड सालीमुळे हिवाळाभर टिकतात म्हणून त्या नावाने ओळखली जातात. आपला लाल भोपळा (तांबडा भोपळा, काही भागांत डांगर) याच गटातला. मूळचा अमेरिका खंडातला असला, तरी घारग्यांपासून भरतापर्यंत तो मराठी स्वयंपाकात पुरता मुरला आहे.

भोपळ्याचे सूप पौष्टिक मानले जाते, पण नुसता भोपळा उकडून गाळलेले सूप म्हणजे जेवण नव्हे. या फळात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि १०० ग्रॅममध्ये प्रथिने जेमतेम १ ग्रॅम. त्याची खरी जमेची बाजू म्हणजे केशरी रंग देणारे बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ तयार करते. ते अंगी लागण्यासाठी सोबत थोडा स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणून सुपात तूप किंवा तेल हवे, आणि प्रथिनांसाठी डाळ. वजन कमी करण्याच्या नादात नेमक्या याच दोन गोष्टी वगळल्या जातात.

चार जणांसाठी साल व बिया काढलेला अर्धा किलो भोपळा, ६० ग्रॅम (साधारण अर्धी वाटी) मूगडाळ, एक कांदा, चार लसूण पाकळ्या, इंचभर आले आणि मोठा चमचाभर तूप घ्यावे. एवढ्या डाळीने दर वाडग्यातली प्रथिने सव्वा ग्रॅमवरून जवळजवळ पाच ग्रॅमवर जातात.

फोडी करताना भोपळ्याचा कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि सगळा भोपळा फेकून द्यावा. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यामुळे येतो आणि शिजवून जात नाही. त्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात. असा भोपळा क्वचितच निघतो, पण कडू लागल्यावर वाया जाईल म्हणून मसाला वाढवून खपवू नये.

कुकरमध्ये तुपात जिरे तडतडवून कांदा, आले, लसूण परतावे. कांदा नीट गुलाबी होऊ द्यावा, सुपाची चव बरीचशी तिथेच ठरते. मग फोडी, धुतलेली डाळ आणि चार कप पाणी घालून मध्यम आचेवर तीन शिट्ट्या कराव्यात. मिश्रण कोमट झाल्यावरच मिक्सरमध्ये फिरवावे. गरम मिश्रणाच्या वाफेने झाकण उडून भाजण्याचा धोका असतो. गाळू नये, गाळण्यात चोथा जातो. नंतर मीठ व मिरपूड घालून एक उकळी आणावी आणि वाढताना लिंबू पिळावे. भोपळा गोडसर असल्याने आंबटपणाशिवाय हे सूप मिळमिळीत लागते.

वर्षाच्या आतल्या बाळाला वरचे अन्न सुरू झाले असेल, तर त्याचा वाटा मीठ-मिरपूड घालण्याआधीच काढावा.

बिया टाकू नयेत. धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजल्या की वरून पेरायला चांगल्या. उरलेले सूप फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. डाळीमुळे ते घट्ट होते, तेव्हा गरम करताना थोडे पाणी घालावे.