वळिवडे निर्वासित छावणी

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला असलेली दुसऱ्या महायुद्धकालीन पोलिश वसाहत (१९४३–४८). येथे सुमारे ५,००० निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुले. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेली ही कुटुंबे सायबेरिया, कझाकस्तानातील उपासमार सोसून इराणमार्गे आली. अनेक मुले पोरकी झाली होती. साऱ्यांना सावरले ते रोजच्या जगण्याने : कुटुंबागणिक वेगळे बिऱ्हाड, स्वतःची चूल, घरचे गरम जेवण. मायबोलीतील शाळा, चर्च, स्काउट पथके, नाटके यांनी मुलांना हरवलेले बालपण बरेचसे परत दिले. मनाच्या उपचारांत अशा रोजच्या जगण्याचे मोल फार मोठे. पुढे याच जागी फाळणीतील सिंधी निर्वासित वसले. तेच आजचे गांधीनगर.