मेथी, २१ दिवस आणि १८९७चा कायदा

इतिहास म्हटलं की आपण किल्ले, लढाया, तह असं काही ऐकायला सरसावून बसतो. आजच्या भागात मात्र मी तुम्हाला माझ्या पुण्यातल्या बाल्कनीत नेणार आहे. काळ फार जुना नाही, २०२०चा वसंत.

२४ मार्च, मंगळवार. रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून २१ दिवस देश बंद झाला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. आमच्या गुढीला ना झेंडूचा हार मिळाला, ना साखरेची गाठी. सोसायटीतल्या कडुनिंबाची डहाळी तेवढी मिळाली. भाजीचं काय होणार या धास्तीने मी त्याच दिवशी डब्यातले मूठभर मेथीदाणे भिजत घातले. नर्सरी बंद, म्हणून जुन्या कुंड्यांची माती उकरून आइस्क्रीमच्या डब्यांत भरली आणि दाणे पेरले. तीन-चार दिवसांत कोंब वर आले. धणे चपलेने रगडून टाकले होते, त्यांनी मात्र दहा दिवस वाट बघायला लावली.

तेव्हा वार लक्षात राहत नसत. आज मेथीला दुसरं पान आलं, आज मोगऱ्याला कळी धरली, हीच आमची दिनदर्शिका. १४ एप्रिलला सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचं जाहीर झालं आणि त्याच दुपारी मी मेथी खुडली. मेथी वेळेवर तयार झाली होती, आपण नव्हतो!

आता थोडं मागे जाऊ. ही बंधनं घालताना महाराष्ट्र सरकारने १३ मार्चपासून जो साथरोग कायदा लागू केला, तो मुळात ४ फेब्रुवारी १८९७चा. आधीच्या वर्षी सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला, मग तो पुण्यात पोचला आणि इंग्रज सरकारने घाईघाईने हा चिमुकला कायदा केला. तेव्हाही दिवस फाल्गुन-चैत्राचेच होते. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता. त्याच महिन्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरू लागले. सामान बाहेर काढलं जाई, आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. झडत्यांच्या त्या दिवसांतच पाडवाही आला. पुढे २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलोच आहोत.

पण वाड्यातलं सगळं कुटुंब छावणीत गेल्यावर चैत्राच्या उन्हात तुळशीला पाणी कोण घालत असेल? सरकारी अहवालात माणसं मोजली जातात, घरं मोजली जातात. तुळशीवृंदावनं नाहीत.

हा प्रश्न मला आपोआप सुचला नाही. तो आमच्या मावशींमुळे सुचला. मावशी आमच्याकडे धुणंभांडी करतात. सोसायटीने त्यांना गेटच्या आत यायला बंदी केली, म्हणून फोनवरच बोलणं व्हायचं. एकदा मी मोठ्या उत्साहात म्हटलं, "मावशी, डब्यात मेथी लावा, मस्त येते."

त्या म्हणाल्या, "डबा हाय ओ ताई. ऊन कुठनं आणू?"

दहा बाय दहाची खोली, समोर हातभर बोळ, सार्वजनिक संडासाला रांग. 'घरीच रहा' हा हुकूम दोघींना एकच होता. पण माझ्या घराला बाल्कनी होती. १८९७मध्येही कायदा सगळ्यांना एकच होता. ज्यांना शहराबाहेर आसरा होता, ते वेळीच निघून गेले. बाकीच्यांनी दारावरची थाप ऐकली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मावशींचा एप्रिलचा पगार आम्ही न बोलता दिला. मेचा द्यायचा का, यावर घरात चर्चा झाली. दिला शेवटी, पण चर्चा झाली, याची आज लाज वाटते. असल्या गोष्टी कुठल्याच दप्तरात जात नाहीत. म्हणून इथे बोलून ठेवते.

जूनमध्ये गेट उघडलं. पहिल्या दिवशी मावशी आल्या त्या थेट बाल्कनीत. सगळ्या कुंड्यांवरून हात फिरवला आणि पुदिन्याच्या चार काड्या मोडून घेतल्या. "ह्याला ऊन कमी चालतं ना? नळापाशी लावते."

लावल्या. लागल्याही.

तर मंडळी, तुमच्या घरात त्या वसंतात काय उगवलं, काय वाळलं, कोणाला फोन केला, कोणाला करायचा राहिला? तारखेसकट वहीत लिहून ठेवा. शंभर वर्षांनी कोणीतरी हुकूम वाचेलच, सोबत तुमची वहीही असू दे.

भेटूया पुढच्या भागात. तोवर कुंड्यांना पाणी घाला!